सोळा नावं, एक खुर्ची

४ जून

प्रिय पाळकसाहेब, म्हणजेच आमचे शेंबडे धाकटे बंधुराज यांस,

सलाम वगैरे.

तुझ्या पाट्या लागल्या. गेल्या सोमवारी टेम्पो आला, त्यातून पेंटर उतरला आणि दुपारपर्यंत अकरा दारांवर अकरा पाट्या ठोकून गेला. निळा रंग, सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात एक गुबगुबीत कबूतर. ते कबूतर कोणाच्या डोक्यातून उडालं हे मी विचारत नाही. तुझी चित्रकला मी तू पहिलीत होतास तेव्हापासून ओळखते.

तर आता आपल्या मिशनच्या दवाखान्यात वॉर्ड नंबर एक, दोन, तीन राहिले नाहीत. देवाची नावं आली. वर मूळ हिब्रू नाव, खाली अर्थ. समितीच्या ठरावात लिहिलंय की 'प्रत्येक खोलीच्या कार्यास अनुरूप असे देवाचे नाव योजिले आहे.' योजिले आहे! दूधवाल्याशीही असंच बोलतोस का रे?

आठ दिवसांचा अहवाल देते. समितीत मोठ्याने वाच.

ऑफिसवर 'यहोवा शम्मा – परमेश्वर तेथे आहे.' परमेश्वर असेल बाबा. क्लार्क नसतो. काल एका पेशंटच्या सासऱ्यांनी पाटी वाचली, टेबलामागे कोणी नाही हे बघितलं आणि मला विचारलं, "सिस्टर, नक्की?"

लाँड्रीवर 'यहोवा निस्सी – परमेश्वर माझा झेंडा.' दोरीवर चादरी फडफडतात म्हणून का? लाँड्रीमावशीला मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे तीस वर्षं मी झेंडेच धुतेय की." आणि पुन्हा बादलीत हात घातला.

पण खरा कहर पुढेच आहे. बायकांच्या तपासणीच्या खोलीवर तू 'एल रोई – मला पाहणारा देव' लावलंस. डॉक्टर पाहतात म्हणून पाहणारा देव, असं तुमचं शहाणपण. अरे, तिथे बायका कपडे काढून टेबलावर झोपतात! पहिल्याच सकाळी तिघी जणी दारातून परत गेल्या. चौथी पिकल्या केसांची आजी होती. ती म्हणाली, "पाहू दे की देवाला, पण त्याची पाटी कशाला लावायची?" डॉक्टरीणबाईंनी शेवटी पाटीवर टॉवेल टाकलाय. तुमच्या समितीत एक तरी बाई आहे का?

आणि एक. खोल्या बारा, पाट्या अकरा. स्टोअरच्या पलीकडची शेवटची खोली, जिथे आपण डॉक्टरांनी हात टेकलेले पेशंट ठेवतो, तिच्या दारावर काही नाही. पेंटर म्हणाला, यादीत नाही. यादी तू केलीस. म्हणून विचारते.

तुझी ताई


११ जून

ख्रिस्तात प्रिय ताईस,

प्रभूच्या नावे सलाम.

तुझे पत्र मिळाले. थट्टा करण्याची तुझी सवय मला नवी नाही, तरी थोडे वाईट वाटले. या कामी मी वर्षभर अभ्यास केला आहे. आपल्या शास्त्रात नाव म्हणजे हाक मारण्यापुरती खूण नव्हे. नावात स्वभाव असतो. देव कोण आहे हे त्याच्या लोकांना त्याच्या नावांतून कळत गेले. पोटात दुखणाऱ्या माणसाने दारावर 'राफा' वाचावे आणि त्याला बरे करणारा कोण हे समजावे, यात हसण्यासारखे काय आहे? नंबराने माणसाला धीर येत नाही.

तपासणीच्या खोलीबाबत चूक झाली हे मान्य करतो. समितीत एकही भगिनी नाही हेही खरे. 'एल रोई'ची पाटी तेथून काढून एक्स-रेच्या दारावर लावावी, असे सुचवितो.

शेवटच्या खोलीविषयी तुझी सूचना योग्य आहे. ती खोली इमारतीच्या आराखड्यात 'इतर' या सदरात असल्यामुळे राहून गेली. तिला 'एल ओलाम – सनातन देव' हे नाव शोभेल. मी पेंटरला कळविले आहे. पाटी पंधरा दिवसांत येईल.

येथे मंडळीचे काम पुष्कळ आहे. तुझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करतो.

तुझा बंधू


१५ जून

बंधुराज,

एक्स-रेवर 'मला पाहणारा'! कपड्यांच्या आतलं पाहिलेलं चालत नाही, म्हणून हाडांच्या आतलं पाहू दे. तुला पुरुष म्हणून नाही, पाळक म्हणून तरी कळायला हवं होतं.

ते नाव पहिल्यांदा कोणी घेतलं, आठवतंय ना? दासी होती ती. मालकाचं मूल पोटात, मालकिणीच्या छळाला कंटाळून पळालेली, रानातल्या झऱ्याशी एकटी बसलेली. तिच्याकडे ढुंकून कोणी बघत नव्हतं. तिथे तिला कळलं की कोणीतरी बघतंय. म्हणून ती म्हणाली, तू मला पाहणारा. तिने समिती बसवली नव्हती. देवाला 'शालोम', म्हणजे शांती, असं नाव देणारा तो गडी शत्रूच्या भीतीने जीव मुठीत धरून द्राक्षांच्या कुंडात लपून गहू झोडत होता. सगळी नावं अशीच आहेत. खड्ड्यात पडलेल्या माणसाने खड्ड्यातून मारलेली हाक. तुम्ही ती पुसून, सोनेरी रंगवून, स्क्रूने ठोकलीत. नावांवर माझा राग नाही रे. आयुष्यभर पाट्या टाकणारे लोक पाट्या लावायला निघाले, यावर आहे.

आता शेवटच्या खोलीचं. मी तुझ्याकडे पाटी मागितली नव्हती. मी विचारलं होतं की ती खोली तुझ्या यादीतून का सुटली. 'इतर' म्हणे!

त्या खोलीत मला पाटी नको, खुर्ची पाहिजे. एक पलंग, एक सलाइनचा स्टँड, खिडकीतून पाण्याची टाकी, संपलं. खुर्ची नाही, कारण तिथे कोणी बसत नाही. डॉक्टर दारातून बघतात. नातेवाईक उभ्या उभ्या येतात, पायावर हात ठेवतात आणि बस चुकेल म्हणतात. पाळक येतात, तेही उभ्यानेच. वर्षभर अर्ज देतेय. उत्तर येतं की सुशोभीकरणाचं काम आधी.

आणि हे सगळं आज लिहायचं कारण असं. परवापासून त्या खोलीत लाँड्रीमावशी आहे. पोटात गाठ आहे. किती दिवस पोटावर पदर आवळून चादरी पिळत होती कोण जाणे. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. दोन-तीन आठवडे म्हणतात.

तिने तुला बोलावलंय. तुझं नाव घेत नाही, इथून तुझी बदली होऊन वर्ष झालं तरी "आपले पाळक" म्हणते, अजून. तुला काही सांगायचंय म्हणते. काय, ते मला सांगत नाही. तू ये.

ताई


२२ जून

ख्रिस्तात प्रिय ताईस,

प्रभूच्या नावे सलाम.

मावशींच्या आजाराचे वाचून फार दुःख झाले. अशा निष्ठावंत सेविका आता होत नाहीत. रविवारच्या उपासनेत मी त्यांचा उल्लेख करून सर्व मंडळीला प्रार्थनेस उभे केले.

मात्र सध्या येणे कठीण आहे. पुढील आठवड्यात येथे तीन दिवसांचे शिबिर आहे आणि विषयच 'देवाची नावे' असल्याने सर्व सत्रे माझ्यावर आहेत. त्यानंतर समितीची बैठक. सात तासांचा प्रवास आहे, तुला ठाऊकच आहे.

सोबत एक छापील प्रार्थना पाठवीत आहे. ती मी शिबिरासाठी लिहिली. यात देवाची सोळा नावे अर्थांसह गुंफली आहेत. ती मावशींना सावकाश वाचून दाखव. त्यांना पुष्कळ सांत्वन मिळेल.

खुर्चीचा विषय बैठकीत मांडतो.

एक मात्र लिहितो, ताई. त्या खोलीविषयी तू मला शिकवू नये. तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी त्याच खोलीत गेली. शेवटच्या श्वासापर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. ती खोली काय आहे हे मला ठाऊक आहे.

तुझा बंधू


२५ जून

बाळा,

तुझा कागद मी मावशीला वाचून दाखवला. सावकाश, तू सांगितलंस तसा. सातव्या नावाला तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "सिस्टर, हे सगळे येणार आहेत का? इथे बसायला जागा नाही." मग मी वाचन बंद केलं.

आता तुझ्या शेवटच्या चार ओळींचं.

तीन वर्षं मी हे बोलले नाही. तू पाळक म्हणून नाही, माझा भाऊ म्हणून. पण तू मला कागदावर लिहून पाठवलंस, तिचा हात माझ्या हातात होता म्हणून. मला! उपदेशातून सांगतोस ते मी ऐकलंय. लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. बाया डोळे पुसतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही रडले होते, पण लाजेने.

त्या दुपारी तू खोलीच्या मधोमध उभा होतास आणि एकामागून एक नावं घेत होतास. राफा, यिरे, शद्दाय. आवाज चढत चढत स्टोअरपर्यंत येत होता. मी शेजारच्या वॉर्डात एका बाईला रक्त चढवत होते, तिथपर्यंत येत होता. मग एकदम थांबलास. डॉक्टरांना फोन करतो म्हणालास आणि बाहेर पडलास. मोबाइल इथे लागत नाही, फोन ऑफिसात. तू गेलास पाण्याच्या टाकीमागे. मला खिडकीतून दिसत होतास. रक्ताची बाटली सोडून मला हलता येत नव्हतं, नाहीतर कान धरून आत आणलं असतं. तास झाला तरी तू टाकीमागेच.

लाँड्रीमावशी तेव्हा धुतलेल्या चादरी घेऊन आली होती. चादरी ठेवल्या, पलंगाच्या कडेला टेकली आणि उठली नाही. बाटली संपवून मी धावत आले तेव्हा माझी भावजय गेली होती आणि तिचा हात अजून मावशीच्या हातात होता. साबणाने सालपटं निघालेल्या हातात. तुझ्या नाही.

तू पळालास याचा मला राग नाही. माणसं पळतात, मी रोज बघते. डॉक्टर पळतात, सख्खी मुलं पळतात. पण तू पळालास आणि मग न पळाल्याची गोष्ट रचलीस, आणि त्या गोष्टीवर टाळ्या घेतल्यास, आणि त्या खोलीला 'इतर' म्हणून यादीतून काढलंस. वर बाकीच्यांना देवाच्या नावांचा अर्थ शिकवतोस. एक तरी अर्थ तुला स्वतःला कळलाय का रे?

मावशीने हे कोणाला सांगितलं नाही. तू इथे होतास तोवर तुझे उपदेश तिनेही ऐकलेत, पुढच्या बाकावर बसून. तिने मानसुद्धा हलवली नाही.

ये. शिबिर गेलं खड्ड्यात.

ताई


२८ जून

ताई,

शिबिराचं दुसरं सत्र मी अर्धवट सोडलं. घसा बसलाय असं सांगितलं. बसला नव्हता.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. टाकीच्या मागे एक गळका नळ होता. तास नाही, दीड तास मी तो बघत होतो. एवढंच मला आठवतंय.

मी ती खोली विसरलो नव्हतो. बारावी ओळ यादीत होती. मी तिथे 'राफा' लिहिलं आणि खोडलं, कारण तिथेच मी राफा म्हणून ओरडलो होतो आणि ती बरी झाली नाही. 'शम्मा' लिहिलं आणि खोडलं. परमेश्वर तिथे असेल, पण मी नव्हतो. शेवटी ओळच कापली. मग तुला उत्तर देताना रेटून 'एल ओलाम' लिहून टाकलं. त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

आणि ती हाताची गोष्ट पहिल्यांदा तोंडातून निघाली ती अंत्यविधीच्या दिवशी. कोणीतरी विचारलं, तुम्ही जवळ होतात ना? मी हो म्हणालो. मग ती दरवेळी थोडी वाढत गेली.

मावशी काय सांगणार ते मला माहीत आहे. बायकोने मला हाक मारली असणार. मी नव्हतो. ते मला मावशीच्या तोंडून ऐकवणार नाही, ताई. तू काहीही म्हण, भेकड म्हण, पण मला ते जमणार नाही.

खुर्ची पाठवतोय. बैठकीची वाट बघितली नाही. माझ्या अभ्यासाच्या खोलीतलीच आहे. औषधांच्या गाडीबरोबर येईल.

तुझा भाऊ


१ जुलै

भेकडा,

तूच म्हणालास, म्हण म्हणून.

खुर्ची आली. पाठीवर चक्क 'पाळक' असं रंगवलंय. एक पाय आखूड आहे. याच खुर्चीवर बसून देवाच्या सोळा नावांचा अभ्यास केलास ना, तरीच!

खोलीत नेऊन ठेवली. मावशीने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "खुर्ची आली. माणूस?"

मी म्हटलं, तो नाही येत. तुला काय सांगायचंय ते मला सांग, मी पत्रात लिहून कळवते. तर म्हणाली, "नको गं. लिहिलेलं तो उपदेशात घालील."

बघ, गाठ पोटात आहे तिच्या, डोक्यात नाही.

मी तिला विचारलं, तू देवाला काय म्हणतेस गं? एवढी नावं आहेत, तुझं कोणतं? तिला प्रश्नच कळेना. मग म्हणाली, "म्हणत काही नाही. मी चादरी धुते, तो बसलेला असतो." तीस वर्षांत याच्यावर तिचं काही भाषण झालं नाही, शिबिर झालं नाही. तुझ्या पाट्यांपैकी एकही तिला धड वाचता येत नाही.

तू घाबरतोस त्या हाकेला. हाक मारली की नाही ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हते आणि मावशी सांगत नाही. पण तुझं तिला माहीत आहे, आणि तरी तू इथे होतास तोवर ती पुढच्या बाकावर बसत आली आणि आजही तुला "आपले पाळक" म्हणते. ती तुला फाडून खायला बोलावत नाहीये. तेवढी ताकदही नाही तिच्यात. आजपासून पाणीही चमच्याने देतेय.

डॉक्टर म्हणाले, चार दिवस, फार तर पाच. सकाळची बस दुपारी दोनला इथे येते. आलास तर ये. नाही आलास तर पुन्हा मला पत्र लिहू नकोस. प्रभूच्या नावे वगैरे तर अजिबात नको.

ताई


४ जुलै, शेवटच्या खोलीतून

ताई,

तू ऑपरेशनला आत आहेस असं आयाबाईंनी सांगितलं. त्यांच्याच हाती ही चिठ्ठी देतोय. औषधांच्या तक्त्यामागे लिहितोय, दुसरा कागद नाही. रागावू नकोस.

दोनच्या बसने आलो. दारापर्यंत आलो आणि परत फिरून टाकीपर्यंत गेलो. नळ अजून गळतो. मग आलो.

मावशींनी डोळे उघडले. म्हणाल्या, "आलात? बसा. आणि काही म्हणू नका." बसलो. पहिला अर्धा तास फार वाईट गेला. माझं तोंड आपोआप उघडायचं, त्या चादरीवरचं बोट वर करायच्या. पंचवीस वर्षं पाळक आहे मी, आणि आजारी माणसाजवळ तोंड मिटून बसायची ही पहिलीच वेळ.

मग त्यांनी सांगितलं. सांगायला त्यांना बराच वेळ लागला, मधे दोनदा पाणी दिलं. मी बाहेर पडलो तेव्हा तुझी भावजय मावशींना म्हणाली, "गेला का? देवाची एवढी नावं घेतली त्याने, मला मेलीला मधे बोलायला जागाच मिळेना. गप्प बसला असता तर थांब म्हटलं असतं." आणि हसली म्हणे. ताई, हसली. मग मावशींना म्हणाली, तू बस. मावशी बसल्या. त्यानंतर दोघीही काही बोलल्या नाहीत.

तिने हाक मारलीच नव्हती. मी तीन वर्षं ती ऐकत होतो. आणि मी गप्प बसलो असतो तर तिला मी हवा होतो. आता हे दोन्ही घेऊन मला जगायचंय. मावशींना विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? म्हणाल्या, "तुम्ही बसलाच नाहीत कधी."

'एल ओलाम'ची पाटी घेऊन पेंटर मघाशी आला होता. मी त्याला परत पाठवलं. दार तसंच राहू दे. समितीला काय सांगायचं ते मी बघतो, आणि रविवारी मंडळीला काय सांगायचं तेही. ते जास्त अवघड आहे.

तुझं एक बरोबर आहे, खुर्चीचा पाय आखूड आहे. जरा हललो की डुगडुगायची आणि मावशी जाग्या व्हायच्या. उशीखाली तो माझा छापील कागद सापडला, सोळा नावांचा. चार घड्या करून पायाखाली घातला. तू बघशील आणि ओरडशील, म्हणून आधीच सांगतो. आता डुगडुगत नाही.

त्यांना डोळा लागलाय. श्वास लांब लांब येतोय. एका हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं आलंय. दुसरा त्यांनी धरलाय. हे मी उपदेशात सांगणार नाही.

सुटलीस की ये. मी इथेच आहे.

तुझा
शेंबडा